निळं औषध, जड पाणी

टीव्हीशेजारी शोकेसमध्ये काचेचा बाऊल, तळाला रंगीत खडे, एक प्लॅस्टिकची वेल आणि दौत उपडी झाल्यासारखं निळं पाणी. त्या निळाईत मासा धड दिसतही नाही. पर आखडून तो तळाशी कुशीवर टेकलेला असतो. शेवगावसारख्या तालुक्याच्या गावात पाळलेला फायटर आजारी पडला की उपचाराचं चित्र बहुधा असंच असतं. (नाव खरं तर बेटा; पण मराठी घरात माशाला ‘बेटा’ म्हणणं जरा जास्तच लाडाचं वाटत असावं, म्हणून दुकानात तो फायटरच.) जनावरांचे दवाखाने गाई-म्हशी आणि शेळ्यांसाठी उभे राहिले. मत्स्यविज्ञानाची महाविद्यालयं नागपूरला, उदगीरला, रत्नागिरीला. त्यामुळे माशाचा डॉक्टर म्हणजे त्याला विकणारा दुकानदार, आणि दुकानदाराच्या हाताशी असते ती मिथिलीन ब्ल्यूची बाटली. ही बाटली निरुपयोगी आहे असं म्हणायचं नाही. म्हणायचं आहे ते एवढंच की ती फार लवकर उघडली जाते. फायटरच्या आजारात आधी तपासायचा रोगी म्हणजे पाणी, आणि शेवगावच्या पाण्याचा स्वभाव असा आहे की ते न तपासता औषध घालणं अंगाशी येऊ शकतं.

या माशाची शरीररचनाच पाळणाऱ्याला फसवते. कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या पोकळीत त्याला घड्याघड्यांचं एक इंद्रिय असतं आणि त्याच्या बळावर तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. पाण्यातला प्राणवायू संपला की दुसरे मासे वर येऊन तोंड वासतात आणि घरच्यांना धोका कळतो. फायटर मात्र एरवीही वर येतो, एक बुडबुडा गिळतो आणि खाली जातो, त्यामुळे त्याच्याकडे पाहून काही बिनसलं आहे असं वाटत नाही. पण माशाच्या शरीरातून कल्ल्यांवाटे बाहेर पडणारा आणि कुजलेल्या खाद्यातून तयार होणारा अमोनिया त्याच कल्ल्यांना पोळतो. त्यापासून हवा पिऊन सुटका नाही. ‘हा मासा थायलंडच्या भातखाचरांत राहतो, त्याला कशाला मोठी टाकी’ हा युक्तिवाद इथेच लंगडा पडतो. खाचर उथळ असलं तरी एकराएकरांनी पसरलेलं असतं. त्यात चिखल असतो, वनस्पती असतात, माशाची घाण खाऊन संपवणारे जिवाणू असतात. उन्हाळ्यात उरलेल्या डबक्यात तो तग धरतो हे खरं, पण दुष्काळात माणूसही छावणीत तग धरतो. म्हणून त्याला कायमचं छावणीत ठेवत नाहीत.

याचा पुरावा शोधायला थायलंडला जायची गरज नाही. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खातं गावोगावच्या पाण्याच्या साठ्यांत गप्पी मासे सोडतं. त्या सिमेंटच्या हौदात ना फिल्टर असतो, ना औषध, ना कुणी त्यांच्याकडे ढुंकून पाहतं, तरी गप्पी वाढतात आणि पिल्लं देतात. पलीकडे बैठकीत शंभर-दीडशे रुपयांचा फायटर मात्र महिन्याभरात मान टाकतो. गप्पी चिवट असतात हे मान्य, पण खरा फरक पाण्याच्या मापात आहे. हौदात पाचशे लिटर पाणी, भिंतींवर अमोनिया शोषणारं शेवाळ, आणि खाद्य म्हणजे मिळेल ती अळी. बाऊलमध्ये दोन लिटर पाणी आणि घरातलं प्रत्येक मूल येता-जाता टाकतं त्या चिमटी-चिमटी गोळ्या. वर दर रविवारी बाऊल, खडे, वेल सगळं साबणाने लख्ख घासायचं. अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू त्या खड्यांवरच वस्तीला असतात. त्यांची वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि साबणाने ती एका सकाळीत उठते.

शेवगावात घरी येणारं पाणी एक नाही, तीन आहेत. जायकवाडीच्या नाथसागरातून येणारं नळाचं पाणी, बोअरचं पाणी आणि विकतच्या जारचं. नळाला पाणी काही दिवसांआड येतं म्हणून लोक ते साठवतात, आणि या साठवणुकीचा माशाला मात्र नकळत फायदा होतो: पाणी शुद्ध करायला वापरलेल्या टीसीएल पावडरीतला क्लोरीन दिवसभर उघड्या भांड्यात ठेवल्यावर बराच उडून जातो. पाणी आलं त्याच सकाळी, ब्लीचिंगचा वास येत असताना बाऊल भरला तर मात्र कल्ल्यांची होळी. बोअरचं पाणी जड. बादलीच्या कडेला आणि गीझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर सगळ्यांच्या ओळखीचा आहे. अशा पाण्याचा पीएच सहसा सातच्या वर, आठच्या आसपास राहतो. जारचं पाणी आरओचं, क्षार काढून टाकलेलं. ते चवीला गोड लागतं, म्हणून माशालाही तेच चांगलं असं समजून अनेकजण तेच वापरतात, तेही कधी थेट थंडगार.

इथे थोडं गणित आवश्यक आहे, कारण सगळा वाद त्याच्याभोवती फिरतो. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक विषारी आणि दुसरं जवळजवळ निरुपद्रवी. त्यांचं प्रमाण पीएच आणि तापमान ठरवतात. 25 अंशांना पीएच 7 असेल तर एकूण अमोनियातला विषारी भाग साधारण अर्धा टक्का असतो. पीएच 8 झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर जातो, आणि उन्हाळ्यात पाणी 30 अंशांवर गेलं की सात टक्क्यांच्या पुढे. म्हणजे तेवढीच घाण, तेवढाच मासा, पण बोअरच्या पाण्यात विष दहापट. जड पाणी स्वतः फायटरला मारत नाही. शेतीसारखी पैदास केलेले हे मासे त्याला सरावतात. ते मारतं अमोनियाला जोडीला घेऊन.

सगळ्यात घातक चूक होते ती नेमकी मासा आजारी पडल्यावर. जारच्या पाण्यात पीएच सांभाळून धरणारे क्षार जवळजवळ नसतात. त्यामुळे महिनाभर तेच पाणी राहिलं की पीएच घसरत साडेसहाच्या आसपास येतो. अमोनिया साचतो, पण निरुपद्रवी रूपात. मासा मलूल असतो, तरी जगत असतो. मग कुणीतरी म्हणतं, पाणी बदल. जार संपलेला असतो, म्हणून बाऊल बोअरच्या पाण्याने भरला जातो. त्यात जुन्या पाण्याचा थोडा भाग आणि खड्यांतली घाण तशीच राहिली आणि पीएच तासाभरात आठच्या वर गेला, तर उरलेल्या अमोनियाचा विषारी भाग तीसपटीहून जास्त होऊ शकतो. मासा बाऊलभर सैरावैरा धावतो, आडवा होतो आणि संध्याकाळपर्यंत संपतो. घरचे म्हणतात, पाणी बदललं तरी वाचला नाही. म्हणून पाणी बदलायचं ते थोडं थोडं, रोज चौथा हिस्सा, त्याच तापमानाचं, आणि जारचं पाणी वापरायचंच असेल तर पहिल्या दिवसापासून साठवलेल्या पाण्यात मिसळून. अमोनिया आणि पीएच मोजणारे थेंबांचे टेस्ट किट मिळतात. त्यातला अमोनियाचा रंग शून्याच्या खुणेवर असेल तेव्हाच पुढच्या रोगाचा विचार सुरू करावा.

मग बघायचं माशाकडे, आणि बघायचं म्हणजे खरोखर बघायचं. परांची कड फाटलेली दिसली की सगळे ‘फिन रॉट’ म्हणतात. पण प्लॅस्टिकच्या वेलीत अडकून फाटलेला पर सरळ चिरतो आणि त्याची कड त्याच रंगाची राहते. काही फायटर स्वतःचीच शेपूट चावतात, तिथे बिस्किटाचा घास तोडावा तसा अर्धगोल तुकडा गेलेला असतो. खरी सड सावकाश येते. कडेला पांढुरकी किंवा काळपट रेघ उमटते, ती आतल्या बाजूला सरकते, आणि तिच्या मागे पर सुताच्या धाग्यासारखा विसविशीत होत जातो. अंगावर रव्याच्या कणांसारखे सुटे पांढरे ठिपके असतील तर तो इक नावाचा परजीवी. खोलीत अंधार करून बाजूने मोबाइलचा टॉर्च मारल्यावर अंगावर हळदीची पूड भुरभुरल्यासारखी सोनेरी झाक दिसली तर तो वेल्व्हेट. पोट मुगाच्या दाण्यासारखं फुगून मासा तिरका पोहत असेल, तर बहुधा त्याला दोन दिवस उपास हवा आहे, औषध नको. नंतरही दिवसाला तीन-चार गोळ्या पुरतात.

इक आणि वेल्व्हेटला औषध लागतं, त्याबद्दल दुमत नाही. पण तिथेही औषधाला वेळ कळावी लागते. इकचा ठिपका म्हणजे कातडीखाली लपलेला परजीवी, आणि तिथे त्याला औषध पोचत नाही. तो गळून तळाशी पडतो, फुटतो, त्यातून शेकडो पिल्लं पाण्यात पोहू लागतात, आणि औषध मारतं ते त्या पोहणाऱ्यांना. म्हणून ठिपके गेल्यावर दुसऱ्याच दिवशी औषध थांबवलं की आठवड्याने ते परत दिसतात. औषध घालायचं ते वेगळ्या टबात, कारण मिथिलीन ब्ल्यू फिल्टरमधले कामाचे जिवाणूही मारतं. शिवाय पाणी किती लिटर आहे ते लिटरच्या मापाने भरून बघूनच. ‘दोन-चार थेंब’ हे माप नव्हे. चाळीस लिटरच्या टाकीचा डोस दोन लिटरच्या बाऊलमध्ये पडला की औषधच आजार होतं.

जिवाणूंच्या सडीवर मेडिकलमधून टेट्रासायक्लिनची कॅप्सूल आणून ती पाण्यात फोडण्याची पद्धत तर शेवगावच्या पाण्यात उघड फुकट आहे. हे औषध कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला चिकटतं. जड पाण्यात दोन्ही मुबलक, त्यामुळे औषधाचा मोठा भाग माशाच्या शरीरात शिरण्याआधीच अडकून पडतो. जे शिल्लक राहतं ते माशाला बरं करायला कमी आणि जिवाणूंना त्या औषधाची सवय लावायला पुरेसं.

‘पण आमचा मासा निळ्या औषधानेच बरा झाला’ असं सांगणारे भेटतातच आणि ते खोटं बोलत नाहीत. औषध घालताना त्यांनी जवळजवळ नेहमी पाणीही बदललेलं असतं, खाणं थांबवलेलं असतं, बाऊल उन्हातून हलवलेला असतो. बरं कशाने झालं हे त्यातून वेगळं काढता येत नाही. शिवाय नायट्राइटची बाधा झालेल्या माशाला मिथिलीन ब्ल्यू खरोखर श्वास परत देतं, कारण ते बिघडलेलं रक्त पुन्हा प्राणवायू वाहण्याजोगं करतं. म्हणजे तिथेही औषधाने उपचार केला तो पाण्याच्याच विषावर. साधी सड असेल तर स्वच्छ पाणी आणि लिटरला ग्रॅमभर खडे मीठ, आयोडीनचं नव्हे, आठ-दहा दिवस एवढ्यावर नवा पर काचेसारखा पारदर्शक फुटताना दिसतो.

जंगली बदामाच्या पानाचं हल्ली फार कौतुक आहे. शाळांच्या आवारात आणि रस्त्याकडेला पडणारं हे लालसर वाळकं पान ऑनलाइन पाकिटातून विकलं जातं याची गंमत वाटते. पानातलं टॅनिन पाणी चहासारखं करतं, बुरशीला थोडं आवरतं आणि माशाला आडोशाचा भास देतं. पण ते पीएच खाली आणतं हा दावा बोअरच्या पाण्यात टिकत नाही. तिथले क्षार पानाचं आम्ल सहज पचवतात.

थंडीचा मुद्दा वेगळा आणि दुर्लक्षित. डिसेंबर-जानेवारीत नगर भागातल्या रात्री चांगल्याच गार असतात, आणि 24 ते 28 अंशांत खुश असणारा मासा दोन लिटर पाण्यात पहाटेपर्यंत गारठतो. त्याची पचनशक्ती आणि प्रतिकारशक्ती दोन्ही मंदावतात, आणि सड नेमकी तेव्हाच धरते. हीटर हा उपाय आहेच, पण वीज गेली की तोही गेला. दहा-पंधरा लिटरची टाकी, खाली आणि तीन बाजूंनी थर्माकोल, वर झाकण, एवढ्याने पाण्याचं तापमान सावकाश हलतं. झाकण आणि पाण्यामध्ये हवेची जागा तेवढी सोडावी, नाहीतर हवा पिणारा मासा गुदमरेल.

मुख्य आक्षेप याच्याही पलीकडचा आहे. जिथे माणसांना पाणी जपून वापरावं लागतं तिथे दीडशे रुपयांच्या माशासाठी एवढा खटाटोप का? हिशेब केला तर दहा लिटरच्या टाकीला निरोगीपणी आठवड्याला तीन लिटर पाणी लागतं, एका अंघोळीच्या पाचव्या हिश्श्याहून कमी. काढलेलं पाणी औषध घातलेलं नसेल तर कढीपत्त्याला घालावं, त्यातलं नायट्रेट त्याला खत म्हणून लागू पडतं. आणि मासा स्वस्त आहे म्हणून तो मरू द्यावा, या म्हणण्याने खर्च वाचत नाही. तोच बाऊल धुऊन त्यात दुसरा फायटर येतो, तोही तेवढ्याच दिवसांत जातो, मग तिसरा. प्राण्यांशी क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, आणि त्यात किमतीची अट नाही.

एका अवस्थेपुढे मात्र पाणीही हरतं. माशाकडे वरून पाहिलं आणि खवले सीताफळाच्या डोळ्यांसारखे उभे राहिलेले दिसले, पोट ताणलेलं असलं, तर ती ड्रॉप्सी. हा एक रोग नसून मूत्रपिंड हरल्याची खूण आहे. एप्सम मीठ सूज थोडी उतरवतं, पण खवले पूर्ण उभे राहिल्यावर परतणारे मासे विरळच. अशा वेळी रोज नवं औषध घालून आठवडा लांबवण्यापेक्षा लवंग तेलाचा मार्ग बरा. त्यातलं युजेनॉल माशांना भूल देण्यासाठीच वापरतात. छोट्या बाटलीत कोमट पाणी घेऊन त्यात तेलाचे दोन-तीन थेंब जोरात हलवून दुधाळ करायचे आणि ते माशाच्या भांड्यात सावकाश ओतायचं. हालचाल थांबल्यावर आणखी थोडं ओतायचं, आणि कल्ले हलायचे थांबल्यावरही तासभर त्याला तसंच पाण्यात राहू द्यायचं.