जुनी गाडी आणि वाढीव वॉरंटी

वाढीव वॉरंटी म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन गाडीच्या ठरावीक भागांची दुरुस्ती ठरावीक मुदतीपर्यंत करून देण्याचा करार. नव्या गाडीला कंपनीची वॉरंटी किमतीतच मिळते. ती संपल्यावरच्या वर्षांसाठी हा करार वेगळे पैसे मोजून घ्यावा लागतो. वाशी, तुर्भे, नेरूळ, खारघर, पनवेल या नवी मुंबईच्या पट्ट्यात सेकंडहँड गाडी घेणाऱ्यापुढे तो तीन रूपांत येतो. तिन्हींना बोलताना ‘वॉरंटी’च म्हणतात, पण तिन्हींचे मोल सारखे नाही.

पहिले रूप गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या वाढीव वॉरंटीचे. ती बहुधा पहिल्या मालकाने घेतलेली असते आणि गाडीबरोबर नव्या मालकाकडे येते. दुसरे रूप प्रमाणित जुन्या गाड्यांच्या दालनांचे. मारुती सुझुकीच्या ट्रू व्हॅल्यूसारख्या दालनात तपासणीत उतरलेल्या गाडीवर एक वर्षापर्यंतची वॉरंटी किमतीतच धरलेली असते. तिसरे रूप बाहेरच्या वॉरंटी कंपनीचे; छोटे डीलर तिचे पॅकेज वेगळी रक्कम घेऊन विकतात. थेट मालकाकडून घेतलेल्या गाडीला यांपैकी काहीच आपोआप मिळत नाही. आधीची वॉरंटी शिल्लक असेल तेवढीच हाती येते.

म्हणून पहिली चौकशी शिल्लक वॉरंटीची करावी. मुदत मोजली जाते ती गाडी पहिल्यांदा विकली गेली त्या दिवसापासून, दुसऱ्या मालकाच्या खरेदीपासून नव्हे. मारुतीने ९ जुलै २०२४ पासून मूळ वॉरंटी २ वर्षे किंवा ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर केली आणि वाढीव वॉरंटी ६ वर्षे किंवा १.६ लाख किलोमीटरपर्यंत नेली. म्हणजे २०२३ची आणि २०२४च्या अखेरची, दिसायला सारखीच असलेली मारुती या बाबतीत एका मापाची नाही. वर्षे आणि किलोमीटर यांतले जे आधी भरेल तिथे वॉरंटी संपते, हेही बरेच जण विसरतात. रोज लांबचा प्रवास करणाऱ्याची गाडी किलोमीटरची मर्यादा वर्षांच्या आधी ओलांडू शकते. चासी नंबर दिला की अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये शिल्लक वॉरंटी आणि सर्व्हिसचा इतिहास पाहता येतो. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनापेक्षा ही दहा मिनिटांची चौकशी फार मोलाची. इलेक्ट्रिक गाडीत तर ती टाळूच नये, कारण बॅटरीवरची काही आश्वासने पहिल्या मालकापुरतीच असतात आणि गाडी विकताच त्यांची मुदत किंवा व्याप्ती घटते.

जुन्या गाडीच्या बाजारात वॉरंटीची गरज का पडते, याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर प्रसिद्ध निबंध लिहिला. या विषयावरील कामासाठी त्यांना २००१चे नोबेल विभागून मिळाले. त्यांचे म्हणणे असे की गाडीतले दोष विकणाऱ्याला माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा सगळ्याच गाड्यांना सरासरी भाव देतो आणि चांगल्या गाडीचा मालक त्या भावात विकायला तयार होत नाही. हमी हा यावरचा एक उपाय, कारण ती जोखीम पुन्हा विकणाऱ्याच्या अंगावर टाकते. यावरून एक व्यवहारी कसोटी निघते. विक्रेता किमतीतच वॉरंटी देतो तेव्हा त्याचा स्वतःचा पैसा पणाला लागतो, आणि त्यातून गाडीबद्दल काही कळते. तीच वॉरंटी वेगळे पैसे घेऊन बाहेरच्या कंपनीच्या नावाने दिली, तर विक्रेत्याचे काहीच पणाला लागत नाही. अशा वॉरंटीला गाडी चांगली असल्याची खूण समजू नये.

करारात काय बसते यापेक्षा काय बसत नाही, ते वाचणे जास्त महत्त्वाचे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे आतले भाग बहुतेक योजनांत असतात. वरच्या योजनांत एसीचा कॉम्प्रेसर, पॉवर स्टिअरिंग, अल्टरनेटर, टर्बो, ईसीयू (इंजिनाचा नियंत्रण संगणक) यांची भर पडते. झिजणारे भाग मात्र जवळजवळ सगळ्याच करारांत वगळलेले असतात: क्लच प्लेट, ब्रेक पॅड आणि लायनर, टायर, १२ व्होल्टची बॅटरी, वायपर, बेल्ट, रबरी बुश, कित्येकदा शॉक अॅब्सॉर्बरही. आता नवी मुंबईत गाडीचे काय होते ते पाहावे. पावसाळ्यात शीव-पनवेल महामार्गावरचे खड्डे सस्पेन्शन खिळखिळे करतात. ठाणे-बेलापूर रस्त्यावरची रांग आणि पुण्याला जाताना बोरघाटाची चढण क्लच व ब्रेक झिजवतात. खाडीकाठच्या खाऱ्या दमट हवेने गाडीच्या तळाला आणि सायलेन्सरला गंज धरतो, आणि गंज बहुतेक करारांतून वगळलेला असतो. म्हणजे या शहरात गाडीला ज्या कारणांनी वारंवार गॅरेज दाखवावे लागते, त्यांतली बरीचशी वॉरंटीच्या बाहेरची आहेत.

पाण्याचेही तसेच. नवी मुंबईचा बराच भाग खाजण जमिनीवर भराव घालून वसलेला आहे आणि पावसाचे पाणी धरून ठेवण्यासाठी सिडकोने धारण तलाव ठेवले आहेत. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की सखल भागात पाणी साचते. पाणी शिरून इंजिन बिघडले तर वॉरंटी लागू होत नाही; तो विम्याचा विषय. नेहमीच्या सर्वसमावेशक विम्यातही पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करताना इंजिन जाम झाले, तर दावा सहसा नाकारला जातो. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे जोडकलम घ्यावे लागते. पावसाळ्याच्या तोंडावर गाडी घेणाऱ्याकडे वॉरंटी आणि हे जोडकलम यांपैकी एकापुरतेच पैसे असतील, तर जोडकलम आधी घ्यावे. विमा नव्या मालकाच्या नावे करण्याचा अर्ज १४ दिवसांत द्यायचा असतो, तेव्हाच हा विषय मार्गी लावता येतो.

भाग यादीत असला तरी दावा मंजूर होईलच असे नाही. वेळापत्रकाप्रमाणे सर्व्हिस केलेली असणे ही बहुतेक करारांची अट असते आणि एक ऑइल चेंज चुकला तरी इंजिनाचा दावा अडू शकतो. म्हणून प्रत्येक बिल आणि जॉब कार्ड जपून ठेवावे. मंजुरी मिळण्याआधी दुरुस्ती करून घेतली, तर पैसे मिळत नाहीत. बाहेरून बसवलेले सीएनजी किट हे दावा नाकारण्याचे नेहमीचे कारण, आणि महानगर गॅसच्या पंपांमुळे या भागात सीएनजीवरच्या गाड्या मुबलक आहेत. त्यामुळे किट कंपनीचे की बाहेरचे, हे आरसीवर नोंद पाहून ठरवावे. खासगी गाडी भाड्याने चालवली असेल किंवा मीटर मागे फिरवलेला आढळला, तर करारच रद्द होतो. मीटरचा हा प्रकार नव्या मालकाने केलेला नसला तरी भुर्दंड त्यालाच बसतो. सर्व्हिस रेकॉर्डमधले जुने आकडे आधी ताडून पाहायचे ते यासाठीच. इंधनाचा प्रश्न नवा आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, तर एप्रिल २०२३ पूर्वीच्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांचाच उल्लेख आहे. इंधनपंप आणि इंजेक्टर यांच्या दाव्यावर याचा काय परिणाम होईल, ते लेखी विचारून घ्यावे.

आणखी तीन कलमे मुद्दाम शोधावीत. एक, एका दाव्याची आणि संपूर्ण मुदतीची कमाल रक्कम. दोन, भागाच्या वयानुसार ग्राहकाने सोसायचा हिस्सा. गाडी जितकी जुनी तितका तो मोठा. तीन, बिघाड शोधण्यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च. दावा नामंजूर झाला तर हा खर्च बहुधा ग्राहकाकडूनच वसूल होतो, आणि बिघडलेल्या गिअरबॉक्सपुढे उभ्या असलेल्या माणसाला ती रक्कम जड जाते.

एवढे कळल्यावर हिशेब मांडता येतो. आकडे उदाहरणादाखल घेऊ. सहा वर्षांची, मॅन्युअल गिअरची छोटी पेट्रोल गाडी आहे आणि एका वर्षाच्या वॉरंटीची किंमत १२,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १४,१६० रुपये होतात. यादीतला एखादा मोठा बिघाड झालाच तर खर्च ४०,००० रुपये धरू. १४,१६० ला ४०,००० ने भागले की सुमारे ३५ टक्के येतात. म्हणजे वर्षभरात असा बिघाड होण्याची शक्यता तीनात एकपेक्षा जास्त असेल, तरच वॉरंटीचे पैसे वसूल होतात. नीट राखलेल्या छोट्या पेट्रोल गाडीत ती एवढी नसते. आता दुसरी गाडी घेऊ: टर्बो इंजिन आणि ड्युअल क्लच ऑटोमॅटिक असलेली एसयूव्ही. वॉरंटी ३०,००० आणि जीएसटी मिळून ३५,४०० रुपये, गिअरबॉक्सचे काम २ लाखांचे. इथे १८ टक्क्यांच्या आसपासची शक्यताही पुरते. शिवाय २ लाखांचा अचानक खर्च मासिक पगारावर चालणाऱ्या घराला पेलत नाही, आणि न पेलणारी जोखीम थोडा जास्त दर देऊनही दुसऱ्याकडे सोपवणे शहाणपणाचे ठरते. दाव्याची कमाल मर्यादा ५०,००० असेल, तर मात्र हा सगळा हिशेब कोसळतो.

यावरून कल स्पष्ट होतो. ऑटोमॅटिक, टर्बो, आधुनिक डिझेल, महागड्या परदेशी बनावटीच्या आणि इलेक्ट्रॉनिक्स भरलेल्या गाड्यांना कंपनीची वाढीव वॉरंटी शिल्लक असेल किंवा वाढवून मिळत असेल, तर ती घ्यावी. बीएस-६ डिझेलच्या बाबतीत एक सावधगिरी हवी: वाशी ते सानपाडा अशा आखूड फेऱ्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळीने तुंबतो, आणि असे तुंबणे अनेकदा वापराचा दोष मानून वगळले जाते. साध्या मॅन्युअल पेट्रोल गाडीसाठी बाहेरच्या कंपनीचे पॅकेज घेण्यात सहसा अर्थ नाही. तेवढीच रक्कम बाजूला ठेवावी. क्लच प्लेट असो की बुश, ही रक्कम कशालाही उपयोगी पडते आणि वर्षअखेर उरली तर घरातच राहते.

त्या रकमेतला छोटा भाग खरेदीआधीच्या तपासणीवर खर्च करणे सर्वांत फायद्याचे. विक्रेत्याशी संबंध नसलेला मेकॅनिक गाठावा. तुर्भे, शिरवणे, रबाळे या एमआयडीसी भागांत गॅरेज आणि वर्कशॉपची कमतरता नाही. गाडी लिफ्टवर चढवून खालचा गंज, तेलगळती आणि जोडकाम पाहावे, स्कॅनर लावून साठलेले एरर कोड वाचावेत, रात्रभर थंड झालेले इंजिन सुरू करून पाहावे. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला की पुरात सापडलेल्या गाडीचा गाळ आणि वास अनेकदा तिथे भेटतो. करार करण्याच्या दिवशी असलेला दोष वॉरंटीत बसतच नाही. त्यामुळे तपासणीचा लेखी अहवाल, पुढे ‘हा बिघाड आधीपासूनचा’ असा वाद निघाला तर, पुरावा म्हणूनही कामी येतो.

करार कोणाशी होतो हेही पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. नवी मुंबईचे एमएच ४३ आणि पनवेलचे एमएच ४६ ही इथली कार्यालये. वॉरंटीच्या कागदावर डीलरचे नाव आहे की दुसऱ्याच कंपनीचे, दुरुस्ती कोणत्या वर्कशॉपमध्ये होणार, गाडी पुन्हा विकली तर वॉरंटी पुढे जाते का आणि मधेच रद्द केल्यास किती पैसे परत मिळतात, हे सही करण्याआधी लेखी घ्यावे. ही वॉरंटी म्हणजे बहुधा सेवेचा करार असतो, विमा पॉलिसी नव्हे. त्यामुळे विमा लोकपालाकडे दाद मागता येत नाही.

दावा अन्यायाने नाकारला गेला तर आधी नकाराचे कारण लेखी मागावे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तेवढ्याने भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे जाता येते. ग्राहक राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार चालते; म्हणजे वाशी-बेलापूरकरांसाठी ठाणे जिल्ह्याचा बेलापूरच्या कोकण भवनातील अतिरिक्त आयोग आणि पनवेलकरांसाठी रायगडचा आयोग. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची.