कुत्र्याच्या पिल्लाला शिकवायला कधी सुरुवात करायची? सहा महिने थांबणं का महागात पडतं?

बुलढाणा जिल्ह्यात ज्ञानगंगा अभयारण्याच्या आसपास कुत्रा हौसेपेक्षा राखणीसाठी जास्त पाळला जातो. रोही आणि रानडुकरं पिकात शिरतात, त्यामुळे शेतावर कुत्रा हवाच. अनेकदा पिल्लू नीट चालायला लागलं की उचलून आणतात, साखळीला बांधतात. शिकवायचं काय ते सहा महिन्यांनी, मोठं झाल्यावर.

पण तोवर सर्वांत महत्त्वाचा काळ निघून गेलेला असतो.

तीन महिन्यांच्या आत काय घडतं?

तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन महिन्यांपर्यंत पिल्लू जे पाहतं, ऐकतं, ते त्याला ओळखीचं वाटू लागतं. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा काळ नेमका दाखवला होता. या दिवसांत लहान मुलं, ट्रॅक्टर, पाहुणे, बकऱ्या यांची सवय झाली नाही, तर पुढे त्यांचीच भीती बसते. आणि घाबरलेला कुत्रा चावतो. ज्याला कौतुकाने 'तिखट कुत्रा' म्हणतात, तो बरेचदा असा घाबरटच असतो.

आठ आठवड्यांआधी मात्र आईपासून तोडू नये. किती जोरात चावलं की समोरच्याला दुखतं, हे पिल्लू भावंडांशी खेळताना शिकतं. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरला दोन महिन्यांपेक्षा लहान पिल्लू विकताही येत नाही.

मग लसीचं काय?

पार्व्होच्या भीतीने डॉस पूर्ण होईपर्यंत पिल्लू घरात कोंडलं जातं. भीती खरी आहे. पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांचं असताना आणि नंतरचे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, म्हणजे तोवर चौथा महिना लागतो. उपाय साधा आहे: पिल्लाला कडेवर घेऊन बाजार, बसस्टँड दाखवावं. फक्त जमिनीवर सोडू नये, अनोळखी कुत्र्यांजवळ नेऊ नये.

पहिल्या दिवसापासून काय शिकवावं?

नाव, 'ये' आणि सू-शीची जागा, एवढंच. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच बाहेर न्यावं. जागेवर केलं की तिथल्या तिथे भाकरीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यावा. घरात केलं म्हणून नाक घासायचं नाही, पिल्लू त्यातून फक्त लपून करायला शिकतं. एका वेळी पाच मिनिटं पुरे. मलकापूर-नांदुऱ्याच्या उन्हाळ्यात हे सगळं सकाळी लवकर, कारण तापलेल्या डांबरावर पंजे भाजतात.

रात्री पिल्लू बंद जागेतच हवं. बिबट्यासाठी ती सोपी शिकार असते.

रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर द्यायची असते. त्याआधी खेळताना पिल्लाचा दात लागून रक्त आलं, तर 'पिल्लूच तर आहे' म्हणून सोडून देऊ नये. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा.