नाकावर किती भरवसा?

कवीला आकाशवाणीवर बोलावलं की तो कविता म्हणणार, असा सर्वांचाच समज असतो. आज मात्र मी कविता म्हणणार नाही. आज वासाविषयी बोलायचं आहे. सुवासाविषयी थोडं आणि दुर्गंधीविषयी जास्त.

आमच्या धाराशिवात हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाजी यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. माझ्या लहानपणी अब्बा त्या उरुसात अत्तराचं दुकान मांडत. मोगरा, हीना, खस, गुलाब. गिऱ्हाईक एकामागून एक फाया हुंगत जायचं. तीन झाले की अब्बा पुढची बाटली मागे ओढायचे. म्हणायचे, "जरा चक्कर मारून या. चौथ्याला नाक झोपतं." त्या वेळी मला ही धंद्यातली युक्ती वाटायची. ती शास्त्रातली गोष्ट आहे, हे कळायला मला पुढं फार मोठी किंमत पाहावी लागली.

मी मराठी घेऊन बी. ए. झालो. कवितेवर पोट भरत नाही, म्हणून एका साखर कारखान्याच्या खरेदी विभागात लिपिक म्हणून लागलो. कारखान्याला जोडून मद्यार्काची डिस्टिलरी होती. एक लिटर मद्यार्क काढला की साधारण आठ ते पंधरा लिटर काळपट, गरम सांडपाणी मागे उरतं. त्याला 'स्पेंट वॉश' म्हणतात. गावकरी त्याला मळीचं पाणी म्हणतात. ते तसंच ओढ्यात सोडलं तर मासळी मरते, विहिरी बाटतात. म्हणून शुद्धीकरण केंद्र असतं. बंद टाकीत हवेशिवाय जगणारे जिवाणू त्यातली घाण खातात आणि ज्वलनशील वायू तयार करतात. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून असाच वायू धरून वापरला गेला होता. म्हणजे विद्या जुनीच आहे. पण या पाण्यात गंधकाचे क्षारही असतात आणि हवा नसलेल्या जागी त्यांचा हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू होतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हाच.

आजूबाजूच्या वस्तीतून वासाच्या तक्रारी येत होत्या. शिवाय हवेची तपासणी करून अहवाल सादर करण्याची अट प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात होतीच. कारखान्याकडे त्यासाठी यंत्रं नव्हती, माणसं नव्हती. तेव्हा बाहेरची प्रयोगशाळा बोलवायचं ठरलं. फाईल माझ्या टेबलावर आली. मागणीपत्रावर एवढंच लिहिलं होतं : 'हवा तपासणी, नग ४.' जणू चार बादल्या किंवा चार झाडू घ्यायचे होते. मी तीन दरपत्रकं मागवली, तुलनात्मक तक्ता केला, सर्वांत कमी दराखाली लाल रेघ ओढली आणि फाईल पुढे पाठवली. नियमाप्रमाणे माझं काम चोख होतं.

जुलै महिन्यात दोन मुलं आली. गाळप बंद, डिस्टिलरी बंद. त्यांनी फाटकाजवळच्या बागेत यंत्र लावलं, चार ठिकाणच्या नोंदी घेतल्या आणि ते गेले. दहा दिवसांनी अहवाल आला. सगळे आकडे मर्यादेत. मी तो फाईलला लावला.

पुढं फेब्रुवारीत, ऐन हंगामात, सांडपाण्याच्या हौदातला पंप अडला. पंपावरचा गडी शिडीनं खाली उतरला आणि कोसळला. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही कोसळला. तिसऱ्याला लोकांनी कमरेला धरून मागं ओढलं, म्हणून तो वाचला. दोघांना दोरानं वर काढून सोलापूरला नेलं. दुसरा परत आला. पहिला आला नाही.

जो परत आला त्याला मी भेटायला गेलो. तो म्हणाला, "भाई, आधी वास येत होता. खाली गेलो तर वासच गेला. मला वाटलं, हवा मोकळी झाली."

श्रोतेहो, हे वाक्य नीट ऐका. हा वायू दहा लाख भाग हवेत एक भागसुद्धा नसला तरी आपल्या नाकाला कळतो. पण तेच प्रमाण दहा लाखांत शंभराच्या आसपास गेलं की थोड्याच मिनिटांत नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. पाचशे-सातशेच्या पुढे माणूस कोसळतो आणि हजाराला एक-दोन श्वास पुरतात. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून हौदाच्या तळाशी साचतो. अब्बांच्या दुकानात नाक झोपलं तर गिऱ्हाईकाचं अत्तर चुकायचं. इथं नाक झोपलं की माणूस जातो. म्हणून नाक हे तक्रारीचं साधन आहे, मोजमापाचं नव्हे. मोजायला यंत्र लागतं आणि यंत्र वापरणारा जाणकार लागतो.

मग तो अहवाल खोटा होता का? मी बरीच वर्षं स्वतःला हा प्रश्न विचारला. अहवाल खोटा नव्हता. जुलैमध्ये बागेतली हवा खरोखर चांगली होती. पण बागेतली हवा कशी आहे, हे कोणी विचारलंच नव्हतं. प्रश्न होता हौदाचा आणि वस्तीचा. आम्ही प्रश्न न लिहिता उत्तर विकत घेतलं.

बाहेरचा तज्ज्ञ नेमताना पहिली गोष्ट ही, की काय जाणून घ्यायचं आहे ते आधी मराठीत, साध्या वाक्यात लिहावं. सांडपाण्याच्या केंद्रावर असे प्रश्न तीन असतात. एक, बॉयलरच्या किंवा वायू जाळणाऱ्या इंजिनाच्या धुराड्यातून काय बाहेर पडतं? दोन, शेजारच्या वस्तीत कोणता वायू किती पोचतो? तीन, जिथं कामगार उतरतो तिथं श्वास घेता येतो का? या तिन्हींची यंत्रं वेगळी, पद्धत वेगळी.

धुराड्याची तपासणी अशी होते. धुराड्याला ठरावीक उंचीवर भोक ठेवलेलं असतं, तिथं जायला शिडी आणि उभं राहायला मजबूत माची लागते. आत नळी घालून आधी धुराचा वेग मोजतात आणि मग त्याच वेगानं नमुना ओढतात. वेग चुकला की धुळीचं प्रमाण चुकतं. बाजार समितीत पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे काढतात, तसंच हे. वरवरचे दाणे घेतले तर माल चांगला दिसेल आणि तळाचेच घेतले तर वाईट.

वस्तीतली हवा मोजायची तर यंत्र चोवीस तास चालवतात. हवा एका द्रावणातून बुडबुडे काढत जाते आणि वायू त्यात अडकतो. हायड्रोजन सल्फाइड अडकला असेल तर पुढे रसायनं घातल्यावर द्रावण निळं होतं आणि निळाईच्या गडदपणावरून प्रमाण काढतात. पण यंत्र वाऱ्याच्या कोणत्या बाजूला ठेवलं, यावर सगळं अवलंबून. वारा जिथून येतो तिथं एक आणि जिकडं जातो तिकडं एक, अशी निदान दोन ठिकाणं हवीत. शिवाय थंडीत पहाटे हवा जमिनीलगत कोंडून राहते. वस्तीला वास छळतो तो त्या वेळी.

हौदाचं काम तर रोजचं. तिथं वर्षातून एकदा येणारा पाहुणा उपयोगाचा नाही. खिशात मावणारं वायुमापक यंत्र दोरीनं आधी खाली सोडायचं असतं. त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम ३६ हेच सांगत होतं. अशा जागी उतरण्यापूर्वी जाणकार माणसानं स्वतः तपासणी करून लेखी दाखला द्यावा, नाहीतर उतरणाऱ्यानं श्वसनाचं साधन घालावं आणि त्याच्या पट्ट्याचा दोर बाहेरच्या माणसाच्या हातात असावा. कायदा होता. आमच्या हौदावर दोर अपघातानंतर आला.

दुसरी गोष्ट, प्रयोगशाळेची पात्रता. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली मान्यता असलेल्या प्रयोगशाळा असतात. एनएबीएल या संस्थेचं मानांकन असलेल्याही असतात. पण केवळ शिक्का पाहून भागत नाही. मान्यतेसोबत यादी असते. तिच्यात आपल्याला हवा तो वायू आणि ती पद्धत आहे का, हे पाहावं. हाडांच्या डॉक्टरकडे डोळे दाखवू नयेत, एवढीच ही गोष्ट.

तिसरी गोष्ट, अहवाल वाचणं. त्यात 'बीडीएल' अशी तीन अक्षरं पुष्कळदा दिसतात. याचा अर्थ यंत्राला मोजता येईल त्यापेक्षा कमी. लोक त्याचा अर्थ शून्य असा घेतात. गुळाच्या अडतीतल्या काट्यावर गुंजभर सोनं ठेवलं तर काटा हलणार नाही. म्हणून सोनं नाही असं होत नाही. तेव्हा यंत्राला किमान किती मोजता येतं, ते अहवालात मागावं. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि त्या दिवशी कारखाना किती क्षमतेनं चालू होता, हेही मागावं. आमच्या अहवालात ही शेवटची एक ओळ असती, तर वाचणाऱ्याला सगळं कळलं असतं.

आणखी एक अडचण आहे. २००९ च्या राष्ट्रीय हवा मानकांत बारा घटक आहेत. अमोनिया त्यात आहे, हायड्रोजन सल्फाइड नाही. म्हणजे 'सर्व घटक मानकांच्या आत' असं प्रामाणिकपणे लिहूनही वस्तीचा वास अहवालाबाहेर राहू शकतो. युरोपात वास मोजायला निवडक माणसांची नाकं वापरतात. फार तिखट नाक नको, फार बोथट नको. एका ठरावीक रसायनावर पारखून माणसं निवडतात आणि वासाची हवा स्वच्छ हवेत किती पातळ केल्यावर वास लागेनासा होतो, ते पाहतात. अब्बांना ही नोकरी नक्की मिळाली असती.

आता सर्वांत अवघड प्रश्न. बाहेरचा माणूस बोलवायचा तो निःपक्षपाती म्हणून. पण त्याला पैसे कोण देतं? ज्याची तपासणी करायची, तोच! गुजरातेत कारखान्यांच्या पर्यावरण तपासणीची अशीच रीत होती. २००९ ते २०११ या काळात एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या प्रदूषण मंडळाबरोबर एक प्रयोग केला. जुन्या पद्धतीत तपासनिसांनी धुळीची मर्यादा ओलांडणारे कारखाने फक्त ७ टक्के दाखवले होते. फेरतपासणीत ते ५९ टक्के निघाले. मग काही कारखान्यांसाठी तीन बदल केले. तपासनीस चिठ्ठी टाकल्यासारखा नेमायचा, त्याचे पैसे एका सामायिक निधीतून ठरावीक दरानं द्यायचे आणि त्याच्या काही नोंदी दुसऱ्याकडून पुन्हा तपासायच्या. माणसं तीच, यंत्रं तीच. पण अहवाल खरे येऊ लागले आणि कारखान्यांनीही प्रदूषण कमी केलं. २०२५ साली केंद्र सरकारनं पर्यावरण लेखापरीक्षणाचे नियम काढले, त्यांतही लेखापरीक्षक चिठ्ठी पद्धतीनं नेमण्याची तरतूद आहे.

कायदा त्याच्या चालीनं येईल. तोवर आपल्याला काय करता येईल? कारखाना असो की नगरपालिकेचं सांडपाणी केंद्र, तपासणी ऐन कामाच्या दिवसांत ठेवावी. नमुना घेताना वस्तीतला एक माणूस आणि एक कामगार हजर असावा. बाटलीवर लाख लागताना दोघांनी सही करावी. मोबदला अहवालाच्या निकालावर अवलंबून नसावा आणि अहवालाची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. मंडळाकडे दिलेले अहवाल २००५ च्या माहिती अधिकाराखाली मागता येतात. मागावेत. आणि खरेदी विभागातल्या माझ्या भावंडांना एकच विनंती. लाल रेघ ओढण्यापूर्वी मागणीपत्र पुन्हा वाचा. 'हवा तपासणी, नग' असं लिहिलेलं असेल तर फाईल परत पाठवा.

परवाच्या उरुसात तो परत आलेला गडी मला भेटला. त्याच्या नातवानं अत्तराचा हट्ट धरला होता. मी मोगऱ्याचा फाया त्याच्यापुढे धरला. त्यानं हुंगला आणि मान हलवली. "त्या दिवसापासून कशाचाच वास लागत नाही, भाई. तुम्हीच सांगा, चांगलं आहे का?"

मी सांगितलं, चांगलं आहे. त्यानं माझ्या शब्दावर ती बाटली घेतली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)