पांढरं जातंय, म्हणून पिशवी काढली

दिवाळीच्या सुमाराला पारनेर तालुक्यातल्या सुप्यावरून जाणाऱ्या नगर-पुणे रस्त्यावर एमआयडीसीच्या मालमोटारींबरोबर ऊसतोड मजुरांच्या गाड्याही दिसतात. त्यातल्या बायकांच्या बोलण्यात ‘पिशवी काढली’ हे शब्द फार सहज येतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्रश्न हाती घेतला, तेव्हा पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. अनेकींनी चाळिशीही गाठली नव्हती.

डॉक्टरकडे जाताना अनेकींची तक्रार साधीच होती: अंगावरून पांढरं जातंय.

ही तक्रार बऱ्याचदा जिवाणूंचं गणित बिघडल्याची खूण असते. निरोगी योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नांदतात, दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंदच. तिथल्या ग्लायकोजेनवर ते जगतात, आम्ल तयार करतात आणि उपद्रवी जिवाणूंना थारा देत नाहीत. ते कमी झाले की पातळ, वास येणारा स्राव सुरू होतो. त्यावर मेट्रोनिडॅझोलचा आठवडाभराचा साधा उपचार आहे. त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही.

पिशवी काढताना अंडाशयं जागेवर ठेवली, तरी त्यांना गर्भाशयाच्या धमनीतून मिळणारं रक्त तुटतं. मग ती काही वर्षं आधीच थकू शकतात. अंडाशयंही काढली, तर पाळी जाण्याचं वय एका रात्रीत येतं. इस्ट्रोजेन घटतं, ग्लायकोजेन घटतं, आणि लॅक्टोबॅसिलसही निघून जातात. ज्या बिघाडासाठी बाई दवाखान्यात गेली, त्याच बिघाडाला कायमची जागा मिळते. हे थांबवता येण्यासारखं होतं, म्हणून ते अधिक जिव्हारी लागतं.

आतड्यातल्या जिवाणूंचा अंडाशयाशी असलेला संबंध आणखी गुंतागुंतीचा आहे. यकृत इस्ट्रोजेनला निष्क्रिय करून पित्तातून आतड्यात सोडतं. तिथले काही जिवाणू त्याला पुन्हा मोकळं करतात आणि ते रक्तात परततं. या जिवाणूंच्या जनुकसंचाला 2011 मध्ये प्लॉटेल आणि ब्लेझर यांनी ‘एस्ट्रोबोलोम’ हे नाव दिलं. चाळिशीआधी अंडाशय थकलेल्या स्त्रियांच्या आतड्यातले जिवाणू वेगळे आढळतात, पण ते कारण की परिणाम, हे ठरलेलं नाही. पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ योगेश शौचे यांच्या गटाने भारतीयांच्या पोटात प्रेव्होटेला जिवाणू विपुल असल्याचं दाखवलं आहे. त्यामुळे परदेशी स्त्रियांवरचे निष्कर्ष बाजरीची भाकरी खाणाऱ्या पारनेरच्या बाईला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

म्हणूनच बाटलीबंद प्रोबायोटिकने पाळी जाणं लांबवण्याच्या दाव्यांपेक्षा आधी नीट तपासणी हवी. स्रावाचा एक थेंब, पीएच कागदाची पट्टी, काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक. एवढी सोय तालुक्याच्या दवाखान्यातही होऊ शकते.