नौकाविहार, लेखांक ५ : आधी वारा, मग बेट

यॉटवरच्या सुटीचे ठिकाण ठरवताना सर्रास होणारी चूक ही, की हॉटेल निवडावे तसे बेट निवडले जाते: छायाचित्रे पाहिली जातात, नावाजलेल्या दोन-तीन बेटांवर बोट ठेवले जाते आणि मग त्यांना जोडणारी रेघ नकाशावर ओढली जाते. हॉटेल जागच्या जागी असते, त्यामुळे बाहेर वारा सुटला तरी फार तर गच्चीवरचे जेवण आत घ्यावे लागते. यॉटवर मात्र झोप, जेवण, पोहणे आणि पुढचा मुक्काम या चारही गोष्टी वाऱ्याच्या मर्जीने चालतात, आणि आठवड्याचे भाडे कितीही भरभक्कम असले तरी त्या मर्जीत फरक पडत नाही. मागील लेखांकात एकाच तळाची शिडाची यॉट, दोन समांतर तळांवर उभी असलेली रुंद कॅटामरान आणि केवळ इंजिनावर धावणारी मोटर यॉट यांतील भेद पाहिला. यांपैकी कोणतीही घेतली तरी ती कोणत्या पाण्यात आणि कोणत्या महिन्यात न्यावी हा प्रश्न उरतोच, आणि त्याचा विचार वाऱ्यापासून सुरू केला तर बेट बरेचसे आपोआप ठरते.

ग्रीसचे उदाहरण यासाठी फार सोयीचे आहे, कारण या एकाच देशाच्या दोन बाजूंना, एकाच महिन्यात, अगदी वेगळ्या स्वभावाचे दोन समुद्र भेटतात. पूर्वेकडच्या एजियन समुद्रात सिक्लाडीझ हा बेटसमूह आहे. मिकोनोस, पारोस, नाक्सोस, सँटोरिनी ही जाहिरातींतून घराघरांत पोचलेली नावे त्यातलीच. या समुद्रावर उन्हाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, उत्तरेकडून जो कोरडा वारा वाहतो त्याला मेल्तेमी म्हणतात. प्राचीन ग्रीकांनी त्याला ‘एतेसिआई’ असे नाव दिले होते, ‘एतोस’ म्हणजे वर्ष यावरून, कारण तो दरवर्षी ठरल्या वेळी येतो. ॲरिस्टॉटलने आपल्या वातावरणविषयक ग्रंथात त्याची चर्चा केलेली आहे. बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानवर कमी, या फरकातून तो जन्मतो, आणि तुर्कस्तानवरचा हा कमी दाब म्हणजे वायव्य भारत व पाकिस्तानावर उन्हाळ्यात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या विशाल पट्ट्याचेच पश्चिमेकडचे टोक होय. कोकणात जो पट्टा नैर्ऋत्येकडून पाऊस ओढून आणतो, त्याचेच दुसरे टोक एजियनवर थेंबभरही पाणी न आणता वारा सोडते, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. मृगाच्या पुढे कोकणातल्या होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारल्या जातात, त्याच सुमारास एजियनवरही वारा हळूहळू जोर धरू लागतो.

त्याचा जोर किती, हे समजण्यासाठी ब्यूफर्ट श्रेणीची ओळख आवश्यक आहे. ब्रिटिश नौदलातील अधिकारी फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०५ मध्ये तयार केलेल्या या मोजपट्टीत वाऱ्याचे बळ ० ते १२ अशा अंकांनी सांगतात. मेल्तेमी अनेकदा ५ किंवा ६ या बळाने वाहतो आणि भरात आला की ७ किंवा ८ पर्यंत चढतो. ६ म्हणजे २२ ते २७ नॉट. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल आणि सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, तेव्हा हा वेग ताशी चाळीस ते पन्नास किलोमीटर होतो. असा वारा एखादी दुपार वाहून थांबला तर चिंता नसते. मेल्तेमी मात्र तीन-तीन, चार-चार दिवस रात्रंदिवस वाहू शकतो, आणि सात दिवसांच्या सुटीतले चार दिवस बंदरात गेले तर उरलेल्या तीन दिवसांत काय राहते?

या वाऱ्याची खरी फसगत अशी, की तो निरभ्र आकाशात येतो. अरबी समुद्राच्या काठी वाढलेल्या माणसाला वारा म्हणजे काळे ढग, कुंद हवा आणि मागोमाग सर असे समीकरण पाठ असते. एजियनमध्ये आकाश निळेशार, ऊन लख्ख, दृष्टी दूरवर पोचते आणि पाणी मात्र पांढऱ्या फेसाने भरलेले असते. दुसरी फसगत आडोशाची. उत्तरेचा वारा आहे तर बेटाच्या दक्षिण बाजूला नांगर टाकावा हा विचार बरोबरच आहे, पण बेट उंच व उघडे-बोडके असेल तर वारा डोंगरमाथा ओलांडून पलीकडच्या उतारावरून झोताने खाली कोसळतो, आणि हे झोत कधी कधी खुल्या समुद्रावरच्या वाऱ्यापेक्षाही जोरदार असतात. लाटा नाहीत, किनारा दगड मारण्याइतका जवळ, आणि तरीही रात्री यॉट नांगराभोवती घोड्यासारखी हिसके देत राहते, असा अनुभव सिक्लाडीझमध्ये मुळीच दुर्मीळ नाही.

तिसरी गोष्ट दिशेची, आणि सहलीची आखणी कोलमडते ती बहुधा इथेच. अथेन्सच्या बाजूने निघालेली यॉट मिकोनोसकडे आणि पुढे सँटोरिनीकडे जाताना वारा साधारण पाठीशी वा बाजूला घेऊन सुखाने जाते. परतताना तोच वारा समोरून येतो. शिडाची नौका वाऱ्याच्या थेट तोंडाशी जाऊ शकत नाही, तिला आडव्यातिडव्या वळणांनी वाट काढावी लागते आणि अंतर कितीतरी वाढते. मोटर यॉट सरळ जाऊ शकते, पण प्रत्येक लाटेवर आपटत. अथेन्स ते मिकोनोस हे अंतर ऐंशी-नव्वद सागरी मैल आणि अथेन्स ते सँटोरिनी सव्वाशेच्या आसपास आहे. शिडाची यॉट तासाला सहा-सात मैल जाते हे धरले, की सात दिवसांत सँटोरिनी पाहून परत यायचे म्हणजे काय, याचा हिशेब कुणालाही करता येईल. खुद्द सँटोरिनी यॉटच्या दृष्टीने गैरसोयीचे बेट आहे. ज्वालामुखीच्या प्रचंड उद्रेकानंतर खचलेल्या कुंडात समुद्र शिरून तेथील प्रसिद्ध उपसागर बनला. त्याची खोली तीनशे मीटरांहून अधिक आहे आणि तळ कड्याच्या पायथ्यापासूनच खोल उतरत जातो, तर यॉटवरची नांगराची साखळी साधारण शंभर मीटरांच्या आतबाहेर असते. ज्या दृश्यासाठी माणसे यॉट घेतात, तेथे यॉटला उभे राहायला फारशी जागाच नाही. हे बेट विमानाने किंवा फेरीबोटीने जाऊन दोन दिवस पाहावे हेच उत्तम.

अथेन्सहूनच निघायचे असेल तर सारोनिक आखात बरे. एजिना, पोरोस, हायड्रा ही बेटे मुख्य भूमीच्या कुशीत आहेत, टप्पे दोन-चार तासांचे आहेत आणि मेल्तेमी तेथे पोचेपर्यंत बराच मवाळ होतो. त्यांतले हायड्रा हे मोटारींना मज्जाव असलेले बेट. सामान आजही खेचरांच्या पाठीवरून चढते. येथील बंदर मात्र लहान, आणि भूमध्य समुद्रातली नौका लावण्याची पद्धत तेथे कशी कसोटीला लागते हे पाहण्यासारखे असते. या समुद्रात भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणी फूटभराचा, त्यामुळे नौका पुढून नांगर टाकून मागे सरकत येते आणि मागची बाजू धक्क्याला दोरांनी बांधते. उतरायला एक फळी टाकली की झाले. मुंबईला पाणी मोठ्या उधाणात चार-पाच मीटर चढते-उतरते, तेथे ही फळी सहा तासांत जिना होईल. हायड्रात जागा कमी असल्याने पहिल्या रांगेपुढे दुसरी रांग लागते, नवे नांगर जुन्या साखळ्यांवर पडतात, आणि सकाळी जो पहिला निघू पाहतो त्याच्या नांगराबरोबर शेजाऱ्याची साखळीही वर येते. मग कुणीतरी लहान होडीत उतरून ती हुकाने सोडवतो, आणि धक्क्यावरची मंडळी कॉफी पीत हा खेळ पाहतात.

पश्चिमेकडचा आयोनियन समुद्र एजियनच्या नेमका उलट. कोर्फू, पाक्सोस, लेफकाडा, इथाका, केफालोनिया ही बेटे हिरवीगार आहेत, सरू आणि ऑलिव्हची झाडे पाण्यापर्यंत उतरतात, आणि येथला वारा, मैस्त्रो, वायव्येकडून दुपारी उठतो आणि सूर्यास्ताबरोबर पडतो. शालेय भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे ज्यांनी पाठ केले आहेत त्यांना ही दिनचर्या ओळखीची वाटेल: सकाळी पाणी आरशासारखे, तेव्हा पोहावे, दुपारी शिडे भरतात, तेव्हा पुढच्या गावी जावे, रात्री गाढ झोपावे. केफालोनियाच्या उत्तर टोकावरचे फिस्कार्डो हे गाव १९५३ च्या भूकंपातून बरेचसे वाचले, त्यामुळे व्हेनिसच्या राजवटीची छाप असलेली घरे तेथे अजून पाहता येतात. लहान मुले आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर सिक्लाडीझचा मोह टाळून आयोनियनच घ्यावा.

क्रोएशियाचा दाल्मेशियन किनाराही याच जातकुळीचा: हजाराहून अधिक बेटे व खडक, जवळजवळ मुक्काम, उन्हाळी दुपारचा सौम्य ‘माएस्त्राल’. व्हिस हे बेट युगोस्लाव्ह लष्कराच्या तळामुळे १९८९ पर्यंत परदेशी प्रवाशांना बंद होते आणि म्हणूनच आज तुलनेने अस्पर्श राहिले आहे. जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेन क्षेत्रात असल्याने ग्रीस-क्रोएशिया एकाच व्हिसावर होतात. शेजारचा माँटेनेग्रो मात्र त्या क्षेत्राबाहेर आहे, आणि एका दिवसासाठी तेथे डोकावून परत यायचे तर भारतीय पारपत्रधारकाला अनेकवार प्रवेशाचा व्हिसा लागतो, ही बारीक गोष्ट आयत्या वेळी कळली तर पूर्ण मार्ग बदलावा लागतो.

महाराष्ट्रातील कुटुंबांचे पंचांग येथे फार उपयोगी पडते. शाळांची उन्हाळी सुटी जूनच्या मध्यापर्यंत असते. मेमध्ये भूमध्य समुद्राचे पाणी अजून गार असते, पण मे अखेर ते जूनचा पूर्वार्ध हा मेल्तेमी पुरता जोर धरण्याआधीचा काळ आहे आणि भाडीही जुलै-ऑगस्टपेक्षा उतरलेली असतात. दिवाळीत मात्र भूमध्याचा हंगाम आवरता होतो आणि कॅरिबियनचा सुरू झालेला नसतो, कारण तेथील चक्रीवादळांचा काळ १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो. ६ सप्टेंबर २०१७ रोजी ‘इर्मा’ या वादळाने ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर जो घाला घातला त्यात भाड्याच्या यॉटींचे ताफेच्या ताफे उलटेपालटे झाले. डिसेंबर ते एप्रिल याच बेटांत व्यापारी वारे ईशान्य-पूर्वेकडून सातत्याने वाहतात, सर फ्रान्सिस ड्रेक खाडीच्या दोन्ही बाजूंच्या बेटांमुळे लाटा अडतात आणि पुढचा मुक्काम निघतानाच नजरेत असतो. मोठ्या यॉटी म्हणूनच उन्हाळा भूमध्यात आणि हिवाळा कॅरिबियनमध्ये काढतात. फक्त नाताळच्या सुमारास हे वारे विशेष जोर करतात, त्यांना तेथे ‘ख्रिसमस विंड्स’ असेच नाव आहे, आणि भाडी सर्वांत चढी असतात तीही त्याच दिवसांत.

दिवाळीसाठी सेशेल्सचा विचार करावा. मुख्य बेटे विषुववृत्ताच्या दक्षिणेला चार-पाच अंशांवर आहेत. इतक्या जवळ पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम क्षीण असल्याने चक्रीवादळे तेथे सहसा फिरकत नाहीत. मे ते सप्टेंबर आग्नेयेकडून वारा, डिसेंबर ते मार्च वायव्येकडून, आणि मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात वारा दिशा बदलताना समुद्र शांत व पाणी नितळ असते. माहेहून प्रालां सुमारे ४५ किलोमीटर, तेथून ला दीग हाकेच्या अंतरावर. शिडाच्या यॉटीला मात्र या दिवसांत वारा अपुरा पडतो आणि बराच प्रवास इंजिनावर होतो, तेव्हा इंधनाचा खर्च कुणाकडे, हे आधी विचारून घ्यावे. पुरेशा खलाशांसह घेतलेल्या यॉटवर तो बहुधा भाड्याबाहेरचा असतो आणि अशा खर्चांसाठी भाड्याच्या २५ ते ३५ टक्के रक्कम आगाऊ ठेवून घेतली जाते. त्या रकमेचा हिशेब पुढील लेखांकात पाहायचा आहे.

(क्रमशः)