नाव जुनी, जीव मोलाचा

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या मधून वैनगंगा वाहते. नकाशावर ती सीमारेषा, पण काठावरच्या कितीतरी बायकांसाठी ती कामाची वाट. पलीकडे मजुरी, सोयरे, बाजार. पूल दूर, मग नावेत बसायचं. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बायका मिरची तोडायला अशाच नावेने निघाल्या आणि नाव उलटली. त्यातल्या काही जणी परतल्याच नाहीत.

म्हणूनच काठावर पडलेली जुनी फायबरची नाव बघून 'थोडी डागडुजी केली की चालेल' असं कुणी म्हणालं, तर तो नुसता नावाड्याचा किंवा मच्छीमार सोसायटीचा प्रश्न राहत नाही. बसणाऱ्या बायकांनीही तो विचारायला हवा, नाही का?

फायबर लाकडी डोंग्यासारखं कुजत नाही, हे खरं. पण त्या कवचाच्या आत बऱ्याचदा लाकडाच्या पट्ट्या आणि प्लायवूड असतं. बारीकशा भेगेतून पाणी शिरलं की ते आतल्या आत कुजतं आणि वरून नाव अगदी ठणठणीत दिसते! बाजारात मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतोच ना? तसंच इथेही. लाकडी दांड्याने हळूहळू सगळीकडे ठोकत जायचं. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर थर सुटलेत किंवा आत कुज आहे, असं समजायचं. तळावर उभं राहिल्यावर तो दबतो का, इंजिन लावायची मागची फळी हलते का, नाव पूर्वीपेक्षा जड लागते का, हेही बघायचं.

वरवरचे चरे, एखादं भोक एवढंच असेल तर दुरुस्ती जरूर करावी. मात्र नुसतं एम-सील थापणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. जागा घासायची, पूर्ण वाळवायची, कडा उतरत्या करायच्या आणि मग काचेच्या धाग्यांचं कापड रेझिनमध्ये भिजवून थरावर थर द्यायचे. पावसाळ्यातल्या दमट हवेत हे काम नीट होत नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात तर रेझिन डब्यातच घट्ट होऊन बसतं! हिवाळ्यातले कोरडे दिवस उत्तम. घासताना उडणारी धूळ छातीत जाते, म्हणून मास्क हवा आणि लेकरं लांब हवीत.

आणि तळाचे आधारच कुजले असतील तर? मग मोह सोडावा. तो पैसा नव्या नावेसाठी ठेवावा. जुनं कवच जाळू मात्र नका, धूर विषारी असतो. परसात गांडूळखताचा हौद म्हणून ते खुशाल वापरता येईल.

दुरुस्त झालेली नावही लगेच माणसांनी भरायची नाही. आधी उथळ पाण्यात माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवून बघायची. किती जणांनी बसायचं तो आकडा नावेवर रंगवून घ्यायचा आणि प्रत्येकीसाठी लाइफ जॅकेट मागायचं. बचत गटाच्या बैठकीत हा विषय काढायला काय हरकत आहे? एक दिवसाची मजुरी बुडाली तर पुढच्या आठवड्यात भरून निघते. तेव्हा मैत्रिणींनो, नावेबद्दल शंका असेल त्या दिवशी काठावरच थांबा.