पाण्याच्या रेणूतले उरलेले चार ठिपके

पाण्याच्या रेणूची आकृती काढायला सांगितली, की मुले मधोमध ऑक्सिजनचा ‘ओ’ लिहितात, दोन बाजूंना हायड्रोजनचे ‘एच’ मांडतात, मध्ये दोन-दोन ठिपके देतात आणि पेन खाली ठेवतात. आता जरा हिशेब करा. ऑक्सिजनच्या सर्वांत बाहेरच्या कक्षेत सहा इलेक्ट्रॉन, हायड्रोजनांचा एकेक. म्हणजे एकूण आठ. कागदावर आहेत चार. बाकीचे कुठे गेले?

ठिपक्यांची ही रीत अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांची. १९०२ साली त्यांनी अणू चक्क घनाकृती पेटीसारखा रेखाटला होता. आठ कोपरे, आठ इलेक्ट्रॉन! पेटी पुढे मागे पडली. १९१६ साली त्यांनी मांडलेली कल्पना मात्र टिकली : दोन अणूंनी सामाईक ठेवलेली इलेक्ट्रॉनांची जोडी, हाच बंध.

म्हणून आकृतीआधी बेरीज करावी. कार्बन डायऑक्साइड घ्या. कार्बनचे चार, दोन ऑक्सिजनांचे बारा, झाले सोळा. एकेरी बंध काढून उरलेले बारा ऑक्सिजनांना वाटले, तर कार्बनच्या वाट्याला चारच येतात. त्याचे आठ भरायचे तर दोन्हीकडे दुहेरी बंधच हवेत.

आता पाण्याकडे वळू. राहिलेले चार ठिपके दोन जोड्यांनी ऑक्सिजनवरच बसतात. बंधात नाहीत, म्हणून त्या रिकामटेकड्या समजू नका. ऑक्सिजनभोवतीच्या चारही जोड्या एकमेकींना दूर सारतात. त्यामुळे रेणू सरळ न राहता वाकतो. दोन बंधांमधला कोन सुमारे १०४.५ अंशांचा होतो. शिवाय शेजारच्या रेणूंमधले हायड्रोजन या मोकळ्या जोड्यांकडे ओढले जातात. बर्फात प्रत्येक रेणू असा चार शेजाऱ्यांशी जोडलेला असतो. ती रचना ऐसपैस, पोकळ. म्हणून बर्फ पाण्याहून हलका आणि सरबतात तरंगणारा. ते चार ठिपके गाळले, की हे सारे समजण्याची वाटच बंद होते. मला तर आकृतीतला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

ही आकृती सर्वज्ञ मात्र नाही. ऑक्सिजन वायूचा रेणू या रीतीने काढला, तर दुहेरी बंध येतो आणि सगळे इलेक्ट्रॉन जोडीने बसतात. पण द्रवरूप ऑक्सिजन शक्तिशाली चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ओतला, तर तो तिथेच अडकून राहतो. कारण त्याच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन जोडीविना असतात, आणि ते या ठिपक्यांत दिसत नाहीत.